ताई, हे परत सांग ना

जालिंदर साळव्यांच्या दोन्ही मुली एकाच वर्षी नीटला बसणार, ही बातमी भिंगारच्या क्वार्टर्समध्ये पसरली ती कलाबाईमुळे. पाणी भरताना, दळण आणताना ती सगळ्यांना सांगायची, "दोघी बी डाक्टरकीच्या परीक्षेला हायेत यंदा." थोरली शुभांगी तिसऱ्यांदा बसणार होती आणि धाकटी वृषाली बारावीबरोबर पहिल्यांदा. यातला 'तिसऱ्यांदा' हा शब्द कलाबाई गाळून सांगायची.

जालिंदर लष्कराच्या पाणीपुरवठ्यावर कामाला होता. पंपहाऊसवर पाळीची ड्युटी, आणि राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर. आतली खोली त्यानं मुलींना देऊन टाकली होती. बाहेरच्या खोलीत स्वयंपाक, पाहुणे, टीव्ही आणि नवरा-बायकोचं अंथरूण. टीव्ही तर शुभांगीच्या बारावीपासून बंदच होता. त्यावर कलाबाईनं कापड टाकून ठेवलं होतं.

शुभांगी हुशार होती. शाळेत पहिला नंबर तिनं कधी सोडला नाही, त्यामुळे ही डॉक्टर होणार हे घरानं आणि तिनं केव्हाच धरून ठेवलं होतं. पहिल्या वेळी बारावीच्या अभ्यासात नीटकडे नीट लक्ष देता आलं नाही, असं सगळे म्हणाले. दुसऱ्या वर्षी तिनं नगरमधल्या सावेडीतला क्लास लावला. तिथं एक मुलगा एकदा हसत हसत म्हणाला होता, "तुला काय टेन्शन? तुमची लिस्टच वेगळी असते." त्या दिवसापासून शुभांगीनं मनाशी घेतलं की ओपनच्या यादीत नाव आणून दाखवायचं. त्या वर्षी सरकारी एमबीबीएस अगदी थोडक्यात हुकलं. आयुर्वेदाला नंबर लागत होता. जालिंदर म्हणाला, "घेऊन टाक. डॉक्टर तर डॉक्टरच की." शुभांगीनं नकारार्थी मान हलवली. "अजून एकच वर्ष, पप्पा." आणि जालिंदरनं ऐकलं, कारण तिचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती.

या वर्षी तिनं क्लास लावला नाही. दोघी बहिणी पहाटे कॅन्टोन्मेंटच्या रस्त्यानं फिरायला जात. झाडांखालून जवानांच्या तुकड्या धावत जायच्या आणि या दोघी कडेनं चालत, एक विचारतेय, दुसरी सांगतेय. वृषालीचं कॉलेज आटोपलं की दोघी नगरमध्ये दिल्ली गेटजवळच्या अभ्यासिकेत जाऊन बसत. तिथल्या भिंतींवर मोठमोठी चित्रं होती. पांढरा ॲप्रन, स्टेथोस्कोप आणि खाली 'हार मानू नकोस' असलं काहीतरी.

"हे बघून जोर येतो ना, ताई?" वृषालीनं सुरुवातीला विचारलं होतं.

"पहिल्या वर्षी यायचा. आता कोणीतरी चिडवल्यासारखं वाटतं." शुभांगी पुस्तक उघडत म्हणाली. "तू भिंतीकडं बघू नकोस. मन लागो न लागो, खुर्चीत येऊन बसायचं. मन येतं मागनं."

हे ती बहिणीला सांगत होती आणि स्वतःलाही. कारण तिसऱ्या वर्षी पुस्तकातलं पान न् पान ओळखीचं झालेलं असतं. कुठल्या कोपऱ्यात कुठली आकृती आहे तेही डोळ्यांपुढं दिसतं, आणि तरी परीक्षेत प्रश्न आला की हात थांबतो. शुभांगीचं तसंच व्हायला लागलं होतं. उत्तर माहीत असायचं, पण दोन वर्षांच्या चुका समोर येऊन उभ्या राहायच्या आणि ती बरोबर उत्तरावरून चुकीच्या उत्तरावर जायची.

दिवाळीनंतरच्या एका सराव परीक्षेत वृषालीला तिच्यापेक्षा जास्त मार्क पडले. वृषालीनं मोबाईल उलटा करून मांडीखाली ठेवला.

"दाखव," शुभांगी म्हणाली.

"बरे पडलेत."

"दाखव म्हणते ना."

तिनं आकडा पाहिला आणि वृषालीच्या पाठीत एक धपाटा घातला. "भवाने! चल, पाणीपुरी खाऊ." पाणीपुरी खाताना ती खरंच हसत होती. घरी आल्यावर आईला बातमीही तिनंच सांगितली. पण पुढच्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा तिनं स्वतःच्या आधी बहिणीचे मार्क पाहिले. त्या वेळी वृषाली घसरली होती. शुभांगीला एकदम हलकं वाटलं, आणि का हलकं वाटलं हे लक्षात आल्यावर त्या रात्री जेवताना तिला वृषालीच्या तोंडाकडे बघवेना.

जानेवारीत शुभांगी खचलीच. निमित्त तसं काही मोठं नव्हतं. भिंगारच्या बाजारात तिला सृष्टी भेटली, बारावीला एका बाकावर बसणारी. सृष्टी आता एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होती. पोरगी चांगली होती, तिनं काही टोचून म्हटलं नाही. उलट हात धरून म्हणाली, "शुभे, तू पण ये गं लवकर. मला तिकडं कोणीच नाही तुझ्यासारखं." शुभांगी "हो, हो" म्हणाली, घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कलाबाई ताट आणून ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची.

"डोकं दुखतंय का, बाई? दवाखान्यात जाऊ का?"

"नाही."

"मग उठ की गं माय."

जालिंदर ड्युटीवरून येऊन दारात उभा राहायचा. काहीतरी बोलावं म्हणून घसा खाकरायचा आणि परत फिरायचा. अभ्यास करणाऱ्या मुलीला धीर कसा द्यायचा हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. शुभांगी पडल्या पडल्या स्वतःला सांगायची, आता उठू, तोंड धुऊ, निदान एक धडा वाचू. पण पाय खाली टाकायचे म्हटलं की ती परत पांघरूण ओढून घ्यायची. कशासाठी उठायचं याचं उत्तर आधी कसं चटकन यायचं, आणि आता ते कुठंच सापडत नव्हतं.

मग एका संध्याकाळी वृषाली पुस्तक घेऊन तिच्या पायाशी येऊन बसली.

"ताई, हे परत सांग ना."

"काय?"

"किडनीतलं. काउंटर करंट. आमच्या सरांचं काही कळतच नाही. नीटला नक्की येतं हे."

"वाच. पुस्तकात आहे."

"वाचलं चारदा. डोक्यात शिरत नाही."

शुभांगीनं भिंतीकडे तोंड ठेवूनच सांगायला सुरुवात केली. खाली जाणाऱ्या नळीतून पाणी बाहेर पडतं, वर येणाऱ्या नळीतून मीठ. वृषालीनं मध्येच काहीतरी इतकं चुकीचं विचारलं की शुभांगी चिडून वळली. "अगं, असं कसं असेल? पेन्सिल दे इकडं." ती उठून बसली. आकृती काढली, बाण काढले, परत सांगितलं. वृषाली हनुवटीला हात लावून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "अस्सं होय! आत्ता कळलं."

त्या रात्री शुभांगी जेवली.

दुसऱ्या दिवशी वृषालीला केमिस्ट्रीतली मोल काढायची गणितं येईनात. त्यानंतर भिंगं अडली, मग वंशावळीचे तक्ते. रोज संध्याकाळी ती एक नवीन अडचण घेऊन यायची. तिला शिकवायचं म्हणजे आपल्याला आधी वाचायला हवं, म्हणून शुभांगी दुपारी वाचू लागली. मग सकाळी. पहाटेचं फिरणं सुरू झालं आणि अभ्यासिकेतली खुर्चीही परत तिची झाली. वृषालीची बोर्डाची परीक्षा आली तरी दोघींचा हा तास चुकला नाही. आपण नसलो तर या पोरीचं काही खरं नाही, असं शुभांगीला मनापासून वाटू लागलं, आणि त्या वाटण्यानं तिला जितका जोर आला तितका कुठल्याच चित्रानं कधी दिला नव्हता. भाकरी थापणाऱ्या आईजवळ बसून ती तक्रार करायची, "अगं, तिला साधं साधं काही येत नाही. कसं होणार हिचं?" तक्रार करताना तिचा चेहरा फुललेला असायचा. कलाबाई नुसती "व्हय का" म्हणायची आणि भाकरी उलटायची.

मे महिन्यात परीक्षा झाली. दोघींना वेगवेगळी केंद्रं आली. शुभांगीनं वडिलांना वृषालीबरोबर पाठवलं. "मला सवय आहे," ती म्हणाली. तिच्याबरोबर कलाबाई गेली आणि उन्हात, शाळेच्या फाटकासमोर, पेपर सुटेपर्यंत उभी राहिली. शुभांगी बाहेर आली तेव्हा आईनं पदरानं तिचं तोंड पुसलं.

निकाल जूनमध्ये लागला, दुपारी. जालिंदर ड्युटीवर होता. "आधी तुझा बघ," शुभांगी म्हणाली. वृषालीचा निकाल उघडला. दोघी आकड्याकडे बघत राहिल्या. तो आकडा सरकारी कॉलेजाला पुरेल आणि वर उरेल असा होता. ओपनच्या यादीतही बसेल, इतका. मग शुभांगीनं स्वतःचा नंबर टाकला. मागच्या वर्षीपेक्षाही मार्क कमी होते.

कलाबाई दारात येऊन उभी होती. दोघींच्या चेहऱ्यांवरून तिला काहीच कळेना.

"काय झालं? बोला की गं."

शुभांगी उठली, आईच्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, "आई, तुझी पोरगी डॉक्टर झाली."

कलाबाईचे डोळे भरले. पण तिचा हात शुभांगीच्या पाठीवर अर्ध्यात थांबला. तिनं घाबरत घाबरत विचारलं, "कोनती?"

संध्याकाळी पेढे आले. जालिंदर पेढ्यांचा पुडा हातात घेऊन खोलीच्या मध्ये उभा होता आणि पहिला पेढा कोणाला द्यावा हे त्याला सुचत नव्हतं. शेजारी आले. पंपहाऊसवरचा त्याचा जोडीदार काकासाहेब आला. "धाकटीनं करून दाखवलं राव!" म्हणाला आणि मग थोरलीकडे बघून एकदम ओशाळला. जालिंदर मोठ्यानं म्हणाला, "शिकवलं कोनी तिला? शुभांगीनं! वर्षभर रोज बसून शिकवलंय. म्हणून तर."

शुभांगी हसली. ती पुढचे दोन महिने या वाक्यावर जगली. रडू आलं की ती तेच आठवायची. आपलं झालं नाही, पण जे झालं ते आपल्या हातून झालं. क्वार्टर्समधल्या बायकाही तसंच म्हणू लागल्या, आणि ते ऐकताना वृषाली मान खाली घालून "हो" म्हणायची.

ऑगस्टमध्ये वृषालीला अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज मिळालं. यादी लागली त्या दुपारी दोघी आतल्या खोलीत होत्या, आणि वृषाली एकदम म्हणाली, "ताई, मी नाही जाणार."

"काय?"

"मी थांबते एक वर्ष. दोघी मिळून परत देऊ. माझे मार्क परत येतील. तुझे पण येतील. एकटीला तुला..."

"वेडी झालीस का?"

"तुला सोडून नाही जाणार मी."

तिनं हे मायेनं म्हटलं होतं, हे शुभांगीला कळत होतं. पण वर्षभर आत दाबून ठेवलेलं सगळं त्याच क्षणी वर आलं.

"माझी कीव करतेस? तू? काउंटर करंटसुद्धा येत नव्हतं तुला! मोलची गणितं येत नव्हती! माझं वर्ष खाऊन तू पुढं गेलीस, वृषे. मी शिकवत बसले म्हणून माझं राहिलं. आणि आता मलाच सांभाळायला निघालीस?"

वृषाली पांढरी पडली. तीही अठरा वर्षांची पोर होती, आणि दोन महिने 'हो हो' म्हणून तीही थकली होती.

"येत होतं," ती म्हणाली.

"काय येत होतं?"

"सगळं येत होतं मला. काउंटर करंट अकरावीलाच पाठ होतं माझं. तू उठत नव्हतीस, ताई. जेवत नव्हतीस. आई तिकडं चुलीपुढं रडत बसायची. मला दुसरं काही सुचलं नाही."



"सगळंच?" शुभांगीनं विचारलं.

वृषालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "भिंगांचं एक गणित खरंच येत नव्हतं," ती घाईघाईनं म्हणाली. "शप्पथ. ते तूच शिकवलंस."

शुभांगी चप्पल घालून बाहेर पडली. भर दुपारी कॅन्टोन्मेंटच्या रस्त्यावर कोणी नव्हतं. एका झाडाखालच्या कट्ट्यावर ती बसली. तिला एकेक संध्याकाळ आठवू लागली. तो हनुवटीला लावलेला हात. ते 'अस्सं होय'. मुद्दाम विचारलेले ते वेडेवाकडे प्रश्न. आपण ओरडलो होतो तिला, 'मठ्ठ आहेस का' म्हणून, आणि ती हसली होती. बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना ती पोरगी रोज एक तास, आधीच येत असलेलं ऐकत बसली होती. आणि आपण आईला काय सांगत होतो? कसं होणार हिचं.

निकालाच्या दिवशी शुभांगीचं स्वप्न गेलं होतं. त्या दिवशी ती रडली नव्हती. आज मात्र ती लहान मुलीसारखी रडली, तोंडात ओढणी कोंबून. आता 'जे झालं ते आपल्या हातून झालं' हेही तिच्याजवळ उरलं नव्हतं, आणि ज्या पोरीनं ते काढून घेतलं तिच्यावर रागावण्याचीही सोय नव्हती.

ऊन उतरल्यावर ती घरी आली. वृषाली रडून रडून झोपली होती. शुभांगीनं तिच्या अंगावर चादर टाकली. सकाळी ती एवढंच म्हणाली, "उठ. खरेदीला जायचंय. वेळेत हजर नाही झालीस आणि यादीतून नाव गेलं, तर पप्पांना मेल्याहून मेल्यासारखं होईल."

"ताई, काल मी..."

"उठ म्हटलं ना."

कापडबाजारात दोघींनी चादर घेतली, कुलूप घेतलं, बादली घेतली. ॲप्रनच्या दुकानात वृषाली ॲप्रन अंगाला लावून बघायला तयार होईना. "असू दे, बरोबरच बसेल," म्हणत राहिली. शुभांगीनंच तो उलगडून तिच्या खांद्यांना लावला, बाही ओढून पाहिली आणि मागून सुरकुती सारखी केली. दुकानदार म्हातारा होता, त्याला वाटलं दोघीही शिकणाऱ्या. "मोठ्या ताईंना पण दाखवू का एक?"

"नको," शुभांगी म्हणाली. "एकच पाहिजे."

निघायच्या दिवशी माळीवाड्याच्या स्टँडवर सगळे आले. जालिंदर वृषालीला पोचवायला जाणार होता. त्यानं बॅगा वर टाकल्या. कलाबाईनं दशम्यांची पिशवी दिली आणि आधीच रडायला सुरुवात केली. गाडीत चढण्याआधी वृषाली बहिणीला घट्ट धरून उभी राहिली.

"रागावलीस अजून?"

"नाही."

"खोटं."

"आहे थोडा राग," शुभांगी तिच्या केसांत म्हणाली. "जाईल तो. तू तिकडं नीट जेव. आणि काही अडलं तर तिथल्या मॅडमना विचार."

'मला विचार' असं ती म्हणाली नाही. वृषालीच्या ते लक्षात आलं असावं, कारण खिडकीत बसल्यावर तिनं तोंड वळवून घेतलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी कलाबाई हात हलवत होती.

जालिंदर दुसऱ्या दिवशी परत आला. हॉस्टेल कसं आहे, खोलीत किती मुली, मेसचं जेवण कसं, सगळं त्यानं कलाबाईला सांगितलं. मग तो बाहेर पायरीवर येऊन बसला. शुभांगी तिथं गहू निवडत होती.

"पप्पा, मी आता परत नाही देणार."

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "बरं," म्हणाला.

"बीएस्सीला जागा आहेत अजून. उद्या जाऊन येते नगरला."

"मी येऊ का संगं?"

"नको. जाते मी."

जालिंदर बोटानं पायरीवरची माती उकरत राहिला. मग हळूच म्हणाला, "काल तिला तिथं सोडलं. फाटकातनं आत गेली, माझी छाती फुगली. आन् लगेच तू डोळ्यांपुढं आलीस. गाडीत मला हसू बी येत हुतं, रडू बी येत हुतं. शेजारचा मानूस म्हनला, बरं न्हाई का तुमाला?" तो थांबला. "हे दोन्ही एकदम कुठं ठेवायचं, मला कळत न्हाई, शुभा."

"मलाही नाही कळत, पप्पा."

आतून कलाबाईनं चहाला हाक मारली. जालिंदर उठला, पण आत गेला नाही. तो परत खाली बसला, मुलीच्या मांडीवरचं ताट आपल्याकडे ओढलं आणि तिच्याबरोबर गव्हातले खडे वेचू लागला.